सांगलीत दवाखाना चालवत ग्लोबल हेल्थ आणि मानवतावादी वैद्यकाचं ऑनलाइन शिक्षण घेता येतं का? एमबीबीएसला उपयोग होतो का?

घेता येतं. डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स, म्हणजे एमएसएफ, या १९७१ पासूनच्या संस्थेचा याच विषयावर अर्धवेळ कोर्स आहे, बराचसा ऑनलाइन. संध्याकाळची ओपीडी आटोपून अभ्यास जमतो. फी आणि प्रवेशाच्या अटी मात्र त्यांच्याकडूनच विचारून घ्या.

उपयोगाचं म्हणाल, तर ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. शाळाशाळांत छावण्या होत्या आणि आम्ही डॉक्टर मंडळी पॅरासिटामॉल नि ओआरएस वाटत बसलो होतो. खरं काम वेगळंच होतं. स्फिअरच्या, म्हणजे आपत्तीतल्या मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि २० जणांमागे एक संडास लागतो. म्हणजे ३०० माणसांच्या शाळेला रोज साडेचार हजार लिटर पाणी आणि १५ संडास. हा हिशेब आम्हाला कॉलेजात कुणी घालून दाखवला नव्हता! छावणीत गोवराची लस आधी का, लेप्टोसाठी (पुरानंतर पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक कुणाला, दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेलं, म्हणजे तीव्र कुपोषित, लहान पोर ताबडतोब उपचाराला का घ्यायचं, हे सगळं या विषयात येतं.

पाटीवर नावापुढे अक्षरं वाढवायला जात असाल, तर आधी एनएमसीची, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची, मान्यता आहे का ते बघा. पैसे भरायच्या आधी डब्ल्यूएचओचे फुकट ऑनलाइन कोर्स करून पाहा. दोन आठवड्यांत कंटाळलात, तर निदान खिसा तरी शाबूत राहील.