रुक्मिणीला हाक कोणत्या नावाने मारावी?

प्रश्न : आदरणीय ताई, आमची मुलगी पाच महिन्यांची आहे. माझ्या आजेसासूबाईंच्या नावावरून बारशाला तिचे नाव रुक्मिणी ठेवले आणि त्याबद्दल घरात कोणाचेही दुमत नव्हते. वाद सुरू झाला तो हाकेच्या नावावरून. मुलीचे बाबा तिला ‘मिनी’ म्हणतात, धाकटे दीर ‘रुक्मी’ आणि नणंद ‘रुणू’. मला स्वतःला ‘रखमा’ मनापासून आवडते. आजेसासूबाईंनाही माहेरी रखमाच म्हणत, असे ऐकले आहे. परंतु ‘रखमा’ म्हटले की सासूबाई गप्प होतात, आणि एकदा तर “हे काय जुन्या गोष्टीतल्या मोलकरणीचे नाव,” असे म्हणाल्या. जन्मदाखल्यावर अजून नाव घातलेले नाही, तेव्हा रुक्मिणीऐवजी सुटसुटीत नावच तिथे लावून टाका, असाही सल्ला मिळतो आहे. तुम्हाला काय वाटते?
— एक वाचक

उत्तर : माझे मत आधीच सांगते, म्हणजे पुढचे सगळे त्याची कारणे म्हणून वाचता येईल. दाखल्यावर रुक्मिणी असावे आणि घरात रखमा.

दाखल्याचा प्रश्न सोपा आहे. जन्माची नोंद नावाशिवाय झाली असेल, तर नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, आणि त्यानंतरही 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येते; म्हणजे घाईने काही ठरवून टाकण्याचे कारण नाही. मात्र 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखल्यालाच महत्त्व आले आहे, तेव्हा तिथे पूर्ण नाव असू द्या आणि त्याचे इंग्रजी स्पेलिंगही एकदाच, विचार करून ठरवा. हाकेचे नाव पुढे बदलले तरी कोणाचे अडत नाही. दाखल्यावरचे बदलायचे म्हणजे अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि खेटे.

आता घरातल्या नावांकडे वळू. ‘मिनी’ कानाला गोड लागते, हे मान्य. परंतु मराठीत हा शब्द आता बस आणि ट्रकच्या मागे लागून ‘लहान’ या अर्थाने रुळला आहे, आणि मुलगी काही लहान राहणार नाही. मला अधिक खटकते ते हे, की त्यात रुक्मिणीतला ‘ण’ गळून पडतो. बाबांना तेच नाव प्रिय असेल तर त्यांनी ‘मिणू’ म्हणून पाहावे. फरक एका अक्षराचा आहे, पण नावाचे मूळ त्यात शाबूत राहते.

‘रुक्मी’ मात्र टाळावे, असे मी आग्रहाने सांगेन. रुक्म म्हणजे सोने, तेव्हा अर्थाला दोष नाही. अडचण कथेची आहे. विदर्भाचा राजा भीष्मक याच्या मुलीचे नाव रुक्मिणी, तसे त्याच्या थोरल्या मुलाचे नाव रुक्मी. बहिणीचा विवाह शिशुपालाशी व्हावा म्हणून हट्ट धरणारा, ती श्रीकृष्णाबरोबर निघून गेल्यावर पाठलाग करणारा आणि शेवटी तिच्याच विनवणीमुळे जिवंत सुटलेला असा हा भाऊ. ज्या मुलीचे नाव रुक्मिणी, तिला रोज त्याच्या नावाने हाक मारणे बरे दिसत नाही. शिवाय शेवटी ‘ई’ लावून नाव लहान केले की जवळीक येते, तसा किंचित हलकेपणाही येतो. संत जनाबाईंनी स्वतःला ‘जनी’ म्हणवून घेतले ती विठ्ठलापुढची लीनता होती. परक्या माणसाने तसे म्हटले तर ते टोचते.

नणंदबाईंच्या ‘रुणू’चे मला खरोखर कौतुक वाटले. नावाचे पहिले आणि शेवटचे अक्षर उचलून, मधले जोडाक्षर बाजूला ठेवून केलेले हे नाव ऐकताच रुणझुण हा शब्द आठवतो, आणि तीन वर्षांच्या मुलालाही ते सहज म्हणता येते. आत्याने तिला रुणूच म्हणावे. एका मुलीला दोन-तीन हाका असणे यात गैर काही नाही; कोणती हाक कोणाची, हे मुलाला फार लवकर कळते.

तरीही माझा कौल रखमाला आहे, कारण हे नाव नव्याने तोडूनमोडून केलेले नाही. बोलणाऱ्यांच्या तोंडी रुक्मिणीतले अवघड जोडाक्षर सैल झाले आणि त्यातून रखुमा, रखुमाई, रखमा ही रूपे घडली. पंढरपूरला देवीला रखुमाई म्हणतात ते याच वळणाने. ज्ञानेश्वरांच्या आईचे नाव रुक्मिणी, आणि त्यांच्या अभंगांतली मुद्रा ‘बापरखुमादेवीवरु’. एवढ्या जुन्या आणि एवढ्या आपल्या रूपाला कोणी मोलकरणीचे नाव म्हणावे, याचे मला वाईट वाटते. कष्ट करणाऱ्या बाईचे नाव आपल्या मुलीला असणे यात कमीपणा नाहीच. पण सासूबाईंना उदाहरण हवे असेल तर डॉ. रखमाबाईंचे सांगा. 1864 साली जन्मलेल्या या बाईंनी, लहानपणी न विचारता लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास भर न्यायालयात नकार दिला, पुढे लंडनला जाऊन वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि परत येऊन सुरत आणि राजकोट येथे वर्षानुवर्षे स्त्रियांवर उपचार केले.

परंतु सासूबाईंच्या गप्प होण्याचे कारण त्यांनी बोलून दाखवले तेच असेल, असे मला वाटत नाही. थोडे त्यांच्या जागी उभ्या राहून पाहा. रखमा हे त्यांच्या सासूबाईंचे नाव आहे. ज्या पिढीत सुनेने सासूचे नाव तोंडातून काढायचे नसे, त्या पिढीत वाढलेल्या बाईने “रखमे, तो खुळखुळा तोंडात घालू नकोस गं,” असे म्हणायचे तरी कसे? मुलीला आजीचे किंवा पणजीचे नाव ठेवायचे, पण हाक मात्र माई, ताई, आक्का अशी मारायची, ही रीत अनेक घरांत पडली ती याच संकोचातून. तेव्हा सासूबाईंना त्यांची स्वतःची हाक निवडू द्या. ‘माई’ म्हणू द्या किंवा ‘रखुमाई’. ‘आई’ जोडली गेली की नाव घेतल्याचा दोष वाटत नाही, आणि लेकराला आई म्हणण्याची आपल्याकडे सवय आहेच.

माझ्या आजीचे नाव गोदावरी होते. सासरी ती काकू, वहिनी, आजी अशी सगळी काही झाली, पण नावाने तिला कोणी हाक मारल्याचे मी ऐकले नव्हते. भाऊबीजेला तिचा थोरला भाऊ यायचा, काठी टेकत, धाप लागलेला, आणि ओसरीवरूनच “गोदे, पाणी आण गं,” म्हणायचा. पंचाहत्तरीची माझी आजी त्या हाकेसरशी अशी लगबगीने उठायची, की गुडघ्यांचे दुखणे आम्हालाच आठवायचे. तो भाऊ गेल्यावर ते नाव घरात पुन्हा कधी उमटले नाही.

म्हणून हाकेचे नाव पक्के करण्याआधी एक करा. दुपारी निवांत वेळ पाहून, मुलगी मांडीवर असताना सासूबाईंजवळ बसा आणि आजेसासूबाईंना रखमा म्हणून हाक मारणारे माहेरचे माणूस त्यांनी कधी पाहिले होते का, ते कोण होते आणि ती हाक ऐकून आजेसासूबाई काय म्हणायच्या, एवढेच विचारा. नावाचा विषय त्या दिवशी काढू नका.