अलेक्झांडर काल्डर हा अमेरिकन शिल्पकार नेमका कशासाठी प्रसिद्ध आहे?

वारा आला की हलणारी शिल्पं, हे थोडक्यात उत्तर. घराणंच शिल्पकारांचं, आजोबांनी फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलवरचा विल्यम पेनचा पुतळा केलेला, वडीलही शिल्पकार, पण हा पठ्ठ्या आधी मेकॅनिकल इंजिनियर झाला (१९१९) आणि ते शिक्षण काही वाया गेलं नाही. १९२६ ला पॅरिसला गेला, तिथं तार, कापड, बूच असलं काहीबाही वापरून छोटीशी सर्कस बनवली आणि स्वतःच बसून तिचे खेळ करून दाखवायचा! १९३० मध्ये डच चित्रकार मोंड्रियानचा स्टुडिओ बघितला आणि गाडी अमूर्त कलेकडे (म्हणजे नुसते आकार आणि रंग) वळली. त्याच्या मोबाइल्समध्ये, म्हणजे याच हलणाऱ्या शिल्पांमध्ये, पत्र्याची पानं तारांना अशी टांगलेली असतात की एका टोकाला एक मोठं, दुसऱ्या टोकाला चार बारकी, तरी तोल परफेक्ट, जरा झुळूक आली की सगळं संथ फिरायला लागतं. नंतर अवाढव्य पोलादी कामं, शिकागोतला लालभडक 'फ्लेमिंगो' (१९७४) ५३ फूट उंच आहे, खालून आरामात चालत जाता येतं. मला विचाराल तर मोबाइल्सच भारी. आणि हो, १९५५ मध्ये डिझायनर गीरा साराभाईंच्या बोलावण्यावरून तो अहमदाबादला आलेला, तिथं राहून कामंही केली.