कुठलीही लिंक दाबली तरी अलर्टमध्ये १२च का येतं?

तुम्ही लिहिलंय की पानावर १२ लिंक आहेत, जावास्क्रिप्टच्या फॉर लूपमध्ये प्रत्येकीला तिचा नंबर दाखवणारं क्लिकचं फंक्शन जोडलंय, आणि कुठलीही दाबली तरी अलर्टमध्ये १२च येतं. लूप ठीक आहे, घोळ 'व्हार आय'चा आहे, म्हणजे फेऱ्या मोजणारा आय व्हार शब्दाने बनवल्याचा.

व्हारने केलेला आय बाराही फंक्शनांत मिळून एकच असतो. ती फंक्शनं चालतात तुम्ही क्लिक कराल तेव्हा. तोवर लूप संपून आय १२वर थांबलेला असतो. व्हारच्या जागी लेट लिहा. प्रत्येक फेरीला नवा आय मिळेल आणि ०, १, २ असे आकडे यायला लागतील. लेट २०१५ साली ईएस६मध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या त्या वर्षीच्या आवृत्तीत आलं. त्याआधी याच कामासाठी लूपच्या आत आणखी एक फंक्शन लिहायचो, जुन्या कोडमध्ये ते अजून दिसतं.

तरी मी तुमच्या जागी असतो तर लूपच काढून टाकला असता. क्लिक लिंकवर होतो आणि तिथून वरच्या एलिमेंटांकडे चढत जातो, यालाच बबलिंग म्हणतात. म्हणून सगळ्या लिंक ज्या यूएलमध्ये (यादीच्या टॅगमध्ये) आहेत त्याच्यावर एकच लिसनर, म्हणजे क्लिक झाला की चालणारं फंक्शन, लावायचा. उद्या स्क्रिप्टने यादीत तेरावी लिंक टाकली तरी ती चालेल. मग नंबर कुठून आणायचा? एचटीएमएलमध्ये प्रत्येक लिंकवर डेटा-आयडी या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये तिचा नंबर लिहा आणि जावास्क्रिप्टमध्ये त्या लिंकच्या डेटासेटमधून वाचा. यादीचा क्रम बदलला तरी नंबर त्याच लिंकबरोबर राहतो.

एका जागी मात्र मी दोन दिवस अडकलो होतो. वाचनालयाच्या पुस्तकयादीचं पान होतं, प्रत्येक लिंकमध्ये नावाआधी मुखपृष्ठाचं छोटं चित्र. नावावर क्लिक केलं की चालायचं, चित्रावर केलं की काहीच नाही. मी सीएसएस उकरत बसलो. खरं कारण असं की इव्हेंट.टार्गेट म्हणजे क्लिक झालेलं सगळ्यात आतलं एलिमेंट. चित्रावर क्लिक केल्यावर ते आयएमजी होतं, आणि मी टॅग 'ए', म्हणजे लिंकचा, आहे का एवढंच तपासत होतो. टार्गेटवर क्लोजेस्ट (त्या एलिमेंटपासून वर वर शोधत जाणारी मेथड) वापरून जवळची 'ए' शोधली आणि काम झालं. नल मिळालं, म्हणजे 'ए' सापडलीच नाही, तर क्लिक दोन लिंकच्या मधल्या जागेत झालाय, तिथेच रिटर्न करा.

प्रिव्हेंटडिफॉल्ट (लिंक उघडण्याचं ब्राउझरचं नेहमीचं काम थांबवणारी मेथड) लावणार असाल तर आधी इव्हेंटमधली कंट्रोलकी आणि मॅकसाठी मेटाकी (कमांडचं बटण) दाबलेली आहे का ते तपासा. कंट्रोल दाबून लिंक नव्या टॅबमध्ये उघडणारे पुष्कळ लोक असतात, त्यांची वाट अडवू नका.