वाचक विचारतात : सनद घ्यावी की खडू?

प्रश्न : पुतण्या अमरावतीला एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. संविधान शिकवायचं, प्राध्यापक आणि पुढंमागं अधिष्ठाता व्हायचं, असं त्याच्या मनात आहे. घरचे म्हणतात, सनद घेऊन कोर्टात बस. दोन्ही जमेल का? – एक वाचक, ता. दर्यापूर

उत्तर : सनद घ्यावी, पण पूर्णवेळ पगारी नोकरी लागली की ती स्थगित करावी लागते. वकिली चालू ठेवून दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवता येतं. त्या वाटेनं प्राध्यापकपद मात्र येत नाही.

एलएल.एम.ला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, संविधानाचाच गट घ्यावा. ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना ५०. ५४.९ चे ५५ कोणी करून देत नाही. मग नेट किंवा सेट ही शिक्षकपदाची पात्रता परीक्षा. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी ती लागतेच, नुसत्या पीएच.डी.वर भागत नाही. नेटला तीन तासांत १५० प्रश्न, ३०० गुण. चुकल्यास गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. एलएल.एम.च्या शेवटच्या वर्षातही ही परीक्षा देता येते.

खरी फसगत पुढं होते. गावाजवळच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर पाच-सहा वर्षं निघून जातात आणि बढतीच्या वेळी ती मोजलीच जात नाहीत. कारण तात्पुरत्या नोकरीचा एकूण पगार नियमित शिक्षकाच्या पगाराहून कमी नसेल आणि नेमणूक रीतसर निवड समितीनं केली असेल, तरच अनुभव धरतात. नेमणुकीचं पत्र आणि समितीची नोंद पहिल्या दिवसापासून जपावी.

प्राध्यापकपदाच्या थेट भरतीला साधारणपणे पीएच.डी., दहा वर्षांचा अनुभव, दहा शोधनिबंध आणि १२० संशोधनगुण लागतात. पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांतले निबंध छाननीत गळतात. संशोधनाच्या विषयासाठी दिल्लीकडे कशाला पाहायचं? अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भासाठी विकास मंडळाची तरतूद आहे. मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. गडचिरोलीत आदिवासी भागांसाठीची संविधानाची पाचवी अनुसूची आणि तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. ग्रामसभांचे ठराव वाचायचे तर मराठी येणारा अभ्यासकच हवा. आदिवासी मेळघाट तर तुमच्या जिल्ह्यातच आहे.

अधिष्ठातापदाचं, म्हणजे विद्याशाखेच्या प्रमुखपदाचं, आत्ताच मनावर घेऊ नये. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं चारच विद्याशाखा ठेवल्या. विधी हा विषय मानव्यविद्येत गेला. त्या एका खुर्चीसाठी इतिहास-मराठीचे प्राध्यापकही रांगेत असतात.