चक्रीवादळ खोल समुद्राकडे निघून गेल्यावर किनारा केव्हा सुरक्षित मानावा?

आपला प्रश्न असा आहे की, अरबी समुद्रातले चक्रीवादळ किनाऱ्याला न धडकता ओमानच्या दिशेने वळले आहे, ते आता ६००-७०० किलोमीटरवर गेल्याचे बातम्यांत सांगत आहेत, आणि धुळ्याहून दिवेआगरला जायची आपली सहल दोन दिवसांवर आली आहे. तर आता किनारा सुरक्षित मानावा का? प्रवासाला निघायला माझी हरकत नाही. पण पाण्यात उतरण्यासाठी वादळ किती दूर गेले हे पाहून चालत नाही, आणि ऊन पडले आहे हे पाहून तर मुळीच चालत नाही.

मी अमळनेरचा. तीसेक वर्षे भूगोल शिकवला आणि घरी शेती आहे. आपण तापीकाठची माणसे आभाळ पाहून दिवस ठरवतो. आभाळ उघडले, दोन दिवस ऊन पडले, शेतात वापसा आला, म्हणजे माती काम करण्याजोगी सुकली, की कामाला लागायचे, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. समुद्राला असा वापसा नसतो. वादळ दूर जाऊ लागले की किनाऱ्यावरचे आकाश आधी निवळते, मग वारा पडतो, आणि पाणी सगळ्यांत शेवटी शांत होते. आकाश आणि पाणी यांच्यामधल्या या एक-दोन दिवसांच्या अंतरातच किनाऱ्यावर माणसे बुडतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे वादळाच्या दक्षिण अंगाला वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे नेमके आपल्या किनाऱ्याच्या रोखाने वाहत असतात. तिथे तासन्‌तास वाहणाऱ्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा वादळाबरोबर जात नाहीत. एकदा उठल्या की त्या आपल्या दिशेने सुटतात. वादळ पश्चिमेला सरकत असते आणि त्याने मागे सोडलेल्या लाटा पूर्वेला येत असतात. दोन लाटांच्या माथ्यांमध्ये १५ सेकंदांचे अंतर असेल, तर खोल समुद्रात त्यांच्यातली ऊर्जा ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने पुढे सरकते. म्हणजे १००० किलोमीटरवरच्या वादळाने आज उठवलेली लाट साधारण उद्या याच वेळेला आपल्या पायाशी येऊन पोहोचते. बातमीत वादळ ७०० किलोमीटरवर गेले असे सांगतात, तेव्हा किनाऱ्यावर दिसणारा समुद्र हा त्याच वादळाच्या आधीच्या, कदाचित अधिक जोराच्या अवस्थेचा असतो.

स्थानिक वाऱ्याने उठणाऱ्या लाटा आखूड असतात. पाच-सहा सेकंदांनी एक येते, समुद्रभर पांढरा फेस दिसतो, आणि वारा पडला की त्या लवकरच विरतात. दुरून आलेली लाट मात्र लांब, गुळगुळीत पाठीची असते. खोल पाण्यात ती जेमतेम डोळ्यांत भरते, होडीला नुसती वर-खाली करून निघून जाते. उथळ पाण्यात आली की तिचा तळ वाळूला घासू लागतो, वेग कमी होतो, मागचे पाणी पुढच्यावर चढते, आणि जी लाट मघाशी दिसतही नव्हती ती पुरुषभर उंच उभी राहून कोसळते. वारा नाही, ऊन लख्ख आहे, आणि तरीही समुद्र गर्जतो आहे, हे दृश्य आपल्याकडच्या माणसाला चमत्कारिक वाटते, पण त्यात विसंगत असे काही नाही.

हे मी २०१९ च्या दिवाळीत पाहिले. त्या वर्षी २४ ऑक्टोबरच्या सुमारास कोकणासमोर कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन 'क्यार' चक्रीवादळ तयार झाले. ते रत्नागिरीपासून सुमारे २०० किलोमीटरपर्यंत आले आणि तिथून ओमानच्या दिशेने निघून गेले. दूर जाता जाताच २७ तारखेला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ते महाचक्रीवादळाच्या ताकदीला पोहोचले. अरबी समुद्रात २००७ च्या 'गोनू'नंतर एवढे प्रबळ वादळ झाले नव्हते. तोवर ते मुंबईपासूनही ५०० किलोमीटरहून अधिक दूर गेले होते. मी कुटुंबासह देवगड तालुक्यात होतो. देवगड बंदर आसऱ्याला आलेल्या नौकांनी भरून गेले होते, त्यांत परराज्यांतल्याही बऱ्याच होत्या. पाऊस थांबून ऊन पडले होते, आणि कुणकेश्वरच्या वाळूवर उभे राहून मी हातातल्या घड्याळावर लाटा मोजत होतो. दहा लाटा फुटायला दोन मिनिटे वीस सेकंद लागले, म्हणजे एका लाटेला चौदा सेकंद. मोजता मोजता मध्येच सात-आठ मिनिटे समुद्र अगदी मवाळ झाला. तेवढ्यात माझा धाकटा मुलगा चपला काढून पाण्याकडे निघालाही होता. जाळी सोडवत बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने मान वर न करता सांगितले, ''गुरुजीनू, पाण्याक अजून ओढ आसा.'' मुलाला मी मागे बोलावले. त्यानंतर ओळीने पाच मोठ्या लाटा आल्या आणि पाचवी लाट त्याच्या चपला जिथे होत्या तिथून बरीच वर जाऊन परतली; चपला गेल्या त्या गेल्याच.

दुरून येणाऱ्या लाटा अशा घोळक्याने येतात. चार-सहा मोठ्या, मग काही मिनिटे उसंत, मग पुन्हा मोठ्या. नवख्या माणसाला ती उसंतच समुद्राचा खरा स्वभाव वाटते. म्हणून किनाऱ्यावर पोहोचल्यावर निदान वीस मिनिटे नुसते उभे राहून पाहा, असे मी कळकळीने सांगेन. लाटा मोजण्याचा आणखी एक उपयोग आहे. लांब लाटा वेगाने धावतात म्हणून आधी पोहोचतात, आखूड लाटा मागून येतात. त्यामुळे लाटांमधले अंतर चौदा-पंधरा सेकंदांवरून बारावर, मग नऊ-दहावर उतरू लागले आणि उंचीही घटू लागली, की दुरून येणारा जोर ओसरतो आहे असे समजावे. त्या दिवाळीत मला ते अंतर नऊ सेकंदांवर आलेले तिसऱ्या दिवशी दिसले.

'क्यार'च्या वेळी आणखी एक गोष्ट जुळून आली होती. लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत मोठी असते, जिला किनाऱ्यावर उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, त्याला भांग म्हणतात. तीच लाट भांगाच्या दिवशी वाळूतच जिरेल, पण उधाणाच्या भरतीवर स्वार होऊन आली तर सुरूच्या झाडांच्या मुळांपर्यंत आणि घराच्या ओट्यापर्यंत जाईल. तेव्हा सहलीची तारीख ठरवताना पंचांगातली तिथीही पाहावी. आपल्या घरात ते असतेच.

वाऱ्यावरून वादळाची जागा ओळखण्याचा एक जुना आणि भरवशाचा नियम आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात तर आपल्या गोलार्धात कमी दाबाचे केंद्र डाव्या हाताला असते. वादळ नैर्ऋत्येला असताना कोकणात वारा आग्नेयेकडून येतो. ते समोर पश्चिमेला आले की दक्षिणेकडून येऊ लागतो. आणि ते वायव्येला निघून जाऊ लागले की नैर्ऋत्येकडे फिरतो. वारा असा क्रमाने फिरत गेला आणि मंदावला, पावसाच्या पट्ट्यांमधली उघडीप लांबत गेली, खालचे काळे ढग फाटून पश्चिमेला नुसते उंच, पिंजलेल्या कापसासारखे ढग उरले, म्हणजे वादळ खरोखर चालले आहे. मधल्या काळात हवा दमट आणि उकाड्याची असते, आणि एखादी जोरदार सर अवचित येऊन जाते. याने सहल बिघडत नाही. छत्री असली म्हणजे पुरे.

उधाणाची भरती नसेल तर समुद्र गावात शिरेल अशी भीती मात्र आता बाळगू नये. वाऱ्याने पाण्याचा फुगवटा किनाऱ्यावर लोटला जातो तो वादळाच्या केंद्राजवळ, आणि ते केंद्र आता फार दूर आहे. धोका आहे तो गुडघाभर पाण्यातल्या माणसाला. मोठ्या लाटांनी वाळूवर लोटलेले पाणी परत जायला वाट शोधते आणि एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोराने आत खेचले जाते. वरून पाहिले तर त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी गढूळ दिसते आणि फेस आत वाहत जाताना दिसतो. म्हणजे जी जागा सर्वांत शांत वाटते तीच सर्वांत वाईट असते. कोणी त्यात सापडलेच, तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. अंग सैल ठेवून किनाऱ्याला समांतर जावे, पट्टा ओलांडला की ओढ सुटते. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' वादळ मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर होते, तरी जुहूला पाण्यात गेलेली चार मुले बुडाली. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती, आणि सहलीला जाणाऱ्या प्रत्येक पालकाने ती लक्षात ठेवावी असे मला वाटते.

वादळाने वाळू खरवडून नेलेली असते, त्यामुळे किनाऱ्यावर कमरेएवढे उभे काठ तयार होतात आणि पाय पडताच ढासळतात. मुलांना त्यांच्या काठावर बसू देऊ नये. खाडीच्या मुखाशी नौकेतून फेरी मारण्याचा मोह दोन-तीन दिवस टाळावा, कारण तिथे पावसाचे पाणी बाहेर येत असते आणि लाटा आत घुसत असतात.

दूर जाणारे वादळ घरीही आपल्याला सोडत नाही, हे आपणही पाहिले असेल. वादळाच्या पूर्वेकडचे दक्षिणी वारे समुद्रावरची वाफ सह्याद्री ओलांडून आत आणतात. त्याच दिवाळीत मी देवगडला उन्हात उभा असताना भावाचा फोन आला होता, की शेतात कापून ठेवलेल्या मक्याच्या कणसांना कोंब फुटले आणि फुटलेली कपाशी बोंडातच काळी पडली. उलटही घडते. २०२३ मध्ये 'बिपरजॉय'ने वाफ स्वतःकडे ओढून घेतली, रत्नागिरीपर्यंत आलेला मान्सून तिथेच अडला, आणि २५ जूनला तो मुंबई आणि दिल्लीला एकाच दिवशी पोहोचला. तोवर आपले मृग जवळजवळ कोरडे गेले होते.

शिवाय गेलेले वादळ परत फिरू शकते. 'क्यार'च्या मागोमाग आलेले 'महा' वादळ आधी किनाऱ्यापासून दूर गेले, मग समुद्रात वळून गुजरातकडे निघाले आणि बरेचसे दुबळे होऊन ७ नोव्हेंबरला दीवजवळ आले. त्याच वर्षी जूनमध्ये 'वायू' वेरावळ-पोरबंदरच्या किनाऱ्याला धडकेल असा अंदाज होता, पण ते ऐन वेळी समुद्राकडे सरकले आणि पुढे कच्छकडे वळले. म्हणून हवामान खात्याचे पत्रक निघण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा वाचा. त्यात वादळाच्या अंतराऐवजी उत्तर कोकणातल्या मच्छीमारांना दिलेला इशारा पाहा. तो मागे घेतला नसेल तर पाण्यात उतरू नका. समुद्राची माहिती देणारे हैदराबादचे इन्कॉइस हे सरकारी केंद्र जिल्हावार उंच लाटांचे इशारे देते, त्यात दिवेआगरचा रायगड जिल्हा पाहा. तिथे दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही येऊ शकते. बंदरावर एक किंवा दोन नंबरचा इशाऱ्याचा बावटा असेल तर तो दूरच्या वादळाचा असतो, तीनपासून पुढे खुद्द त्या बंदराला धोका असतो.

सहल रद्द करू नका. पहिला दिवस श्रीवर्धन-हरिहरेश्वरची देवळे पाहण्यात घालवा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट समुद्रालगतच्या खडकांवरून जाते, ती भरतीच्या वेळी आणि असा समुद्र असताना मुळीच करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला वाळूवर जा, घड्याळ लावून दहा लाटा मोजा, आणि गावातल्या कोळ्यांच्या नौका बाहेर पडल्या आहेत की अजून काठालाच बांधलेल्या आहेत ते पाहा. बांधलेल्या असतील तर मुलांना वाळूतच खेळू द्या.