सायकल-कट्टा: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: सर नमस्कार. आमचा मुलगा १७ वर्षांचा, यंदा पहिल्यांदाच एमटीबीच्या (माउंटन बाइक, डोंगरातली सायकल) नॅशनलला गेला, ज्युनियर क्रॉस कंट्रीला, म्हणजे कच्च्या वाटेवर फेरे मारायच्या रेसला. ६ लॅप होते, चौथा संपताच पंचांनी शिट्टी मारून त्याला बाहेर काढलं. घरी आल्यापासून सायकल मागच्या पडवीत उभी आहे, चिखल तसाच वाळलाय, हँडलला नंबर प्लेट अजून बांधलेलीच आहे. येणारा जाणारा विचारतो कितवा आला, तर हा म्हणतो, मी रेस पूर्णच केली नाही, मला हाकललं. कार्बनची भारी सायकल असती तर झालं असतं म्हणतो. तिची किंमत ऐकून ह्यांनी पतसंस्थेत चौकशी पण केली. बारावीचं वर्ष आहे. काय करू? (एक आई, सातारा)

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे त्याला कोणी हाकललेलं नाहीये, आणि हे त्याला आजच सांगा. क्रॉस कंट्रीला ८० टक्क्यांचा नियम असतो. सगळ्यात पुढच्या रायडरला पहिल्या लॅपला जेवढा वेळ लागला त्याच्या ८० टक्के एवढा वेळ तुम्ही त्याच्या मागे पडलात की तुम्हाला थांबवतात. समजा पुढच्याने पहिला लॅप १५ मिनिटांत मारला, तर १२ मिनिटं मागे पडलं की रेस तिथे संपली. म्हणजे दर लॅपला ३ मिनिटं जरी गेली तरी चौथ्या लॅपला तुम्ही बाहेर, आणि नॅशनलच्या पहिल्या वर्षी लॅपला ३ मिनिटं जाणं ह्यात काहीही लाजिरवाणं नाही. नियम का आहे, तर ४-५ किलोमीटरचा फेरा असतो, वाट एका सायकलपुरती, एक फेरा पुढे असलेले रायडर मागून येऊन अडकले तर त्यांची रेस बिघडते आणि उतारावर धडक व्हायची भीती वेगळीच.

आणि हे बऱ्याच मुलांना माहितीच नसतं, असं थांबवलेल्याला 'रेस सोडली' असं लिहीत नाहीत. त्याला नंबर मिळतो, पुढे फक्त 'वजा २ लॅप' असं येतं. रिझल्टचा कागद मागवा आणि त्याचं नाव शोधा, कोणी विचारलं कितवा आला तर तो आकडा सांगायचा, खालून तिसरा असला तरी सांगायचा.

आता ३ मिनिटं गेली कुठे ते बघू. मी स्वतः पहिल्या नॅशनलला शेवटच्या रांगेत उभा होतो त्यामुळे मला हे अगदी डोळ्यासमोर दिसतंय. स्टार्टला आधीच्या रिझल्टप्रमाणे नावं पुकारतात, नवीन पोरं सगळ्यात मागे. सुरुवातीचा रस्ता रुंद असतो, मग एकदम सिंगल ट्रॅक, म्हणजे एका सायकलपुरती वाट, तिथे पहिल्याच खड्या चढाला पुढे कोणाचा तरी पाय जमिनीला लागतो की मागची अख्खी रांग उतरून सायकल ढकलत चालायला लागते, तुमच्या पायात कितीही दम असू दे तुम्हाला चालावंच लागतं, आणि तोवर पुढचे पाचजण दिसेनासे झालेले असतात. म्हणून सुरुवातीची २-३ मिनिटं जीव खाऊन मारायची आणि तरीही पुढे तासभर टिकायचं, हे वेगळं शिकावं लागतं. सातारची पोरं यवतेश्वरचा घाट रोज चढतात, छाती भक्कम होते, पण डांबरावर चढून दगडातून उतरता येत नाही. आठवड्यातून दोन दिवस मुरमाड उताराची एकच ५० मीटरची जागा धरायची आणि तीच वीस वेळा उतरायची, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही.

सायकलीसाठी कर्ज काढू नका ताई, निदान ह्या वर्षी तरी नको. हलक्या सायकलीने फरक पडतो, नाही म्हणत नाही, पण त्याच्या ३ मिनिटांतला फार थोडा भाग तिच्यामुळे गेलाय. आधी टायर ट्यूबलेस करून घ्या, तेवढा खर्च जरूर करा. पंक्चरवाला सवयीने ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरतो, त्या टायरवर सायकल दगडावरून चेंडूसारखी उडते. मुलाचं वजन ६० किलोच्या आत असेल तर ट्यूबलेसमध्ये २२च्या आसपास पुरते, रबर दगडाला धरून राहतं. ट्यूब असताना मात्र एवढी कमी करू नका, दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि दोन भोकं पडतात.

बारावीचं म्हणाल तर ज्युनियर गटात त्या वर्षी १७ किंवा १८ पूर्ण होणारी मुलं असतात, म्हणजे त्याला यंदाच १७ पूर्ण झाली असतील तर तो एक वर्ष मोठ्या मुलांशी खेळला आणि त्याचं एक वर्ष अजून हातात आहे. परीक्षा होईपर्यंत आठवड्याला ३-४ दिवस तासभर पुष्कळ झालं. आपल्या संगमनेरच्या प्रणिता सोमणनं महाराष्ट्राला ह्याच खेळात मेडल आणलीयत, ते सगळं एका सीझनमध्ये झालेलं नाही.

नंबर प्लेट त्याने अजून काढलेली नाही म्हणता, ते वाचून मला बरं वाटलं. रविवारी बादली आणि जुना ब्रश घेऊन तुम्ही त्याच्याबरोबर पडवीत बसा, चेन तेवढी त्याला साफ करू द्या.

प्रश्न: काका, मी १६ वर्षांची, नाशिक. रेसमध्ये मागचं टायर फुटलं, कोच ट्रॅकच्या कडेला बांधलेल्या टेपच्या पलीकडे चाक घेऊन उभे होते पण पंचांनी देऊ दिलं नाही, मी किलोमीटरभर पळत गेले. हा अन्याय नाही का?

उत्तर: राग कळतो बेटा, पण पंच बरोबर होते. चाक फक्त ठरलेल्या टेक्निकल झोनमध्येच, म्हणजे दुरुस्तीसाठी आखून दिलेल्या जागेतच घेता येतं, इतर ठिकाणी जे खिशात असेल त्यावरच. पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं टायर असंच गेलं, झोनमध्ये चाक बदलेपर्यंत तो जवळपास ४० सेकंद मागे पडला, आणि शेवटच्या लॅपला एका झाडाच्या दुसऱ्या बाजूने घुसून फ्रान्सच्या कोरेत्स्कीला मागे टाकलं आणि गोल्ड घेतलं. अर्थात त्याचं नशीब की झोन फार लांब नव्हता, तुझा होता. म्हणून ट्यूबलेस टायरचा प्लग (भोकात दाबायची रबरी पट्टी) आणि गॅसची छोटी नळकांडी फ्रेमला टेपने चिकटवून ठेव. घरी जुन्या टायरला मुद्दाम खिळा मार, ग्लोव्हज ओले कर, भोक खालच्या बाजूला आण म्हणजे आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, तिथे जमा होतं, प्लग दाब, हवा भर, आणि हे सगळं घड्याळ लावून कर. पहिल्यांदा ५-६ मिनिटं जातील. २च्या खाली आलीस की मला कळव.