कोकणातल्या गावात राहून ‘द एल वर्ड’ बघावी का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय २२, गाव कोकणात, मुलीच आवडतात, आणि घरी कुणाला काही माहीत नाही. ‘द एल वर्ड’ (एल म्हणजे लेस्बियन) या जुन्या अमेरिकन मालिकेबद्दल कुठेतरी वाचलंस, आणि ती बघून आपल्यासारख्या मुलींना काही मिळेल की जिवाला नुसता त्रास होईल, असं विचारते आहेस. ओळख नसताना एकेरीत बोलते आहे, पण मी ४१ वर्षांची, वेंगुर्ला तालुक्यातली. तुझी थोरली बहीण शोभेन.

बघ. त्रास होईल, आणि तो कुठे होईल तेही सांगते. तरी बघ.

मालिका शोटाइम वाहिनीवर जानेवारी २००४ ते मार्च २००९ चालली. सहा सीझन, ७० भाग. आयलीन चेकन ही तिची मुख्य कर्ती. गोष्ट लॉस एंजेलिसच्या वेस्ट हॉलीवूड भागातल्या मैत्रिणींची आहे, चित्रीकरण मात्र बरंचसं कॅनडातल्या व्हँकुव्हरला झालेलं. बेट आणि टीना हे जोडपं, त्यांना मूल हवंय. शेन केस कापते आणि कुणाजवळ टिकत नाही. ॲलिस पत्रकार, डेना टेनिसपटू. जेनी लेखिका, ती एका पुरुषाबरोबर संसार थाटायला या शहरात येते आणि शेजारच्या घरात डोकावते. या सगळ्यांचा अड्डा म्हणजे ‘द प्लॅनेट’ नावाचं कॅफे. सकाळ-संध्याकाळ त्या तिथेच भेटतात.

मी ती २०१० साली पाहिली. दादरजवळच्या नोकरदार बायकांच्या एका हॉस्टेलमध्ये आम्ही चौघी होतो. कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर सगळे सीझन मिळाले. रविवारी दुपारी दाराला आतून कडी, एक लॅपटॉप, दोन खाटा जोडलेल्या. आम्ही एकमेकींना गावाच्या नावानेच हाक मारायचो: राजापूरची, चिपळूणची, मालवणची आणि मी. तोवर आम्हा चौघींतल्या कुणीही ‘ते’ तोंडाने उच्चारलेलं नव्हतं. पहिल्या सीझनचा तिसरा की चौथा भाग संपला तेव्हा मालवणची म्हणाली, “मी पण अशीच आसंय.” कुणी काही बोललं नाही. चिपळूणचीने उठून सगळ्यांसाठी चहा केला. आमच्याकडे हे असं झालं.

तुला या मालिकेतून काय मिळेल हे सांगण्यासाठी मला आपल्या नाटकाकडे यावं लागेल. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं. रोहिणी हट्टंगडींनी त्यात सुमित्रा, म्हणजे मित्रा, केली. स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी रंगमंचावर इतक्या उघडपणे उभी राहिली, आणि तेही त्या काळात. मी कॉलेजात असताना ते वाचनालयातून आणून रात्री अंथरुणात वाचलं आणि घाबरले. तिची गोष्ट सांगणारा बापू हा तिचा मित्र आहे, तिच्यासाठी जीव टाकणारा. पण मित्राला मैत्रिणी नाहीत. जिच्यावर प्रेम करते ती आहे, तोडणारे आहेत, बघणारे आहेत. जिच्याशेजारी बसून चहा प्यावा अशी, तिच्यासारखी दुसरी बाई साऱ्या नाटकात नाही. शेवटी ती जगत नाही. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, ‘उंबरठा’ हा चित्रपट आला. त्यात आश्रमातल्या दोघींचं नातं पुढे येतं ते निस्तरायची बाब म्हणून. दोन्ही कलाकृती मी मानते. पण अठराव्या वर्षी त्यांतून मी एकच गोष्ट शिकले: अशी बाई एकटी असते आणि तिचं वाईट होतं.

‘द एल वर्ड’ने माझी ही समजूत मोडली, आणि तीही प्रेमाच्या प्रसंगांनी नव्हे. ते प्रसंग पुष्कळ आहेत, उघडे आहेत, तुला दिसतीलच. समजूत मोडली ती त्या टेबलाने. पाच-सहा जणी बसल्यात, एकीचं ब्रेकअप झालंय, दुसरी तिच्या ताटातलं उचलून खातेय, तिसरी ऑफिसातलं गाऱ्हाणं सांगतेय. कुणालाही स्वतःबद्दल काही समजावून सांगावं लागत नाही. मी पंचवीस-सव्वीस वर्षांची होईपर्यंत असं दृश्य पाहिलंच नव्हतं.

ॲलिसचा ‘चार्ट’ तुला विशेष आवडेल. भिंतीवरच्या फळ्यावर ती कोण कुणाबरोबर होती याच्या रेघा काढत जाते आणि शेवटी सगळ्या सगळ्यांशी जोडल्या जातात. चिपळूणचीच्या घरी त्यांच्या घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत आहे. तो तू कुणाकडे तरी पाहिला असशील: मूळ पुरुषापासून आजपर्यंतच्या फांद्या, मुलींची नावं लग्नापाशी थांबलेली. चार्ट पाहून ती म्हणाली, “हा आमचा कुलवृत्तांत. यात मी थांबत नाही.” मला ते अजून आठवतं. त्या रविवारी तिने वहीत आम्हा चौघींची नावं लिहून मध्ये रेघा मारल्या. ती वही आमच्या कपाटात आहे. हो, आमच्या. चिपळूणची गेली बारा वर्षं माझ्याबरोबर राहते आणि आता आम्ही दोघी इथे काजूगरांचा छोटा धंदा करतो.

आणखी एक गंमत. चौथ्या सीझनमध्ये पापी नावाचं पात्र येतं, गाडी चालवणारी, शेनलाही चार्टवर मागे टाकणारी. नावं पडद्यावर आली आणि मालवणचीने चित्र थांबवलं. जनीना गवाणकर! ‘वस्त्रहरण’वाल्या गवाणकरांचं आडनाव, त्या मालिकेत! तिचे वडील मूळचे भारतातले. पात्र लॅटिन अमेरिकन वंशाचं आहे, तिथे आपल्याकडचं काही नाही. तरी आम्ही ते आडनाव तीनदा मागे नेऊन वाचलं.

आता डेना. तू गावात राहतेस म्हणून मुद्दाम सांगते, तुझी माणूस ती आहे. टेनिसचं करिअर बुडेल म्हणून सगळ्यांपासून लपवते, चारचौघांत मैत्रिणींपासूनही चार हात लांब उभी राहते. क्लबच्या स्वयंपाकघरातली लारा तिला आवडते, पण लारा ‘आपल्यातली’ आहे की नाही हे तिला कळत नाही. मग सगळ्या मैत्रिणी क्लबात जाऊन लाराचं चालणं-बोलणं पारखतात, गुण देतात, आणि तरी ठरत नाही. मी हसून हसून रडले होते. आपल्याकडे तर पारखायला काहीच नसतं. ‘मैत्रीण’ हा एकच शब्द दोन्हीला पुरतो. एसटीत माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवणारी फक्त मैत्रीण आहे की आणखी काही, हे मी दोन वर्षं ओळखू शकले नव्हते.

त्रास होईल तोही डेनाच्याच ठिकाणी. तिसऱ्या सीझनमध्ये तिला स्तनाचा कर्करोग होतो आणि ती जाते. तिच्या अंत्यविधीत पाद्री तिच्या न झालेल्या लग्नाबद्दल बोलायला लागतो, तेव्हा ॲलिसला राहवत नाही, ती भर सभेत उठून डेना कोण होती ते सांगते. तो प्रसंग मला तेव्हा नुसता दुःखाचा वाटला होता. पुढे कळला. काही वर्षांपूर्वी चिपळूणचीचं अपेंडिक्स रात्री अचानक दुखायला लागलं. तिला घेऊन मी तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात गेले. कागदावर ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना. मी ‘मैत्रीण’ लिहिलं. “घरचं कोण आहे? सही त्यांची लागेल.” तिचा भाऊ मुंबईहून मिळेल त्या गाडीने सकाळी पोचला आणि त्याने सही केली. वाईट कुणीच बोललं नाही. भाऊही चांगला आहे. पण ती रात्र मी बाकावर बसून काढली, आणि मला सारखी ॲलिस आठवत होती.

ओवशाचंही तेच, म्हणजे लग्न झालेल्या नव्या सुनेने गौरीपुढे सूप ओवसायची आपली रीत. गौरी आल्या की घरोघरी नव्या सुनांची सुपं सजतात, आणि कुणीतरी मला विचारतंच, “तुझा ओवसा कधी गो?” आता विचारणाऱ्या म्हाताऱ्या झाल्या, तरी विचारतात. उत्तर द्यायला मी शिकलेली नाही. मात्र माझ्या आईने आमच्याबद्दल एकही प्रश्न न विचारता एका वर्षी फोनवर म्हटलं होतं, “चवतीक येशीत तेव्हा तिका पण घेवन ये.” तेव्हापासून चतुर्थीला आम्ही दोघी जातो. याहून जास्त आई बोलली नाही आणि मीही नाही. तुझ्या घरी असं होईल असा शब्द मी देत नाही. घाई करून सांगायला जाऊ नकोस. आधी स्वतःच्या पायावर उभी राहा, पगार तुझ्या खात्यात येऊ दे.

मालिकेतलं काय खटकतं तेही ऐक. सगळ्या सडपातळ, बहुतेकींकडे भरपूर पैसा, घरांना पोहण्याचे तलाव. मॅक्स या ट्रान्स पुरुषाचं पात्र लिहिणाऱ्यांनी फार वाईट वागवलंय, पाहताना राग येतो. सहाव्या सीझनमध्ये जेनीच्या मृत्यूचं कोडं घातलंय आणि उत्तर न देताच मालिका संपवली आहे. २०१९ ते २०२३ या काळात ‘जनरेशन क्यू’ नावाने पुढचा भाग आला. त्यात या काही चुका निस्तरायचा प्रयत्न आहे, पण माझा जीव जुन्यातच रमतो.

कायद्याचं तुला माहीत असावं म्हणून सांगते. मालिका मार्च २००९ मध्ये संपली आणि २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सज्ञानांच्या खाजगी, संमतीच्या संबंधांना लागू होणार नाही असं ठरवलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. त्या रात्री राजापूरचीने वहीतलं आमचं पान फाडून लपवायला सांगितलं होतं, आम्ही फाडलं नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाने आपल्याला गुन्हेगारीतून कायमचं बाहेर काढलं. गणपती एका आठवड्यावर होते, मी गावी यायची बॅग भरत होते आणि हातात आईसाठी घेतलेलं लुगडं तसंच धरून बसले. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. म्हणून दवाखान्यातला तो रकाना अजून आमच्यासाठी तसाच आहे. बेट मुलीची कायदेशीर आई होण्यासाठी जी धडपड करते ती बघताना हे लक्षात ठेव, तुला ते प्रसंग जास्त कळतील.

आता कसं बघायचं. पहिल्या भागापासून बघ, मधून सुरू करू नकोस. भाषा भराभर आहे, सबटायटल लाव. फोन घरात सगळ्यांच्या हाती जात असेल तर इयरफोन वापर आणि पाहिल्याची नोंद पुसून टाक. उघडे प्रसंग अचानक येतात, तेव्हा पडवीत बसून बघू नकोस. दिवसाला एक-दोन भाग पुरे. दुसऱ्या सीझनमध्ये कंटाळा आला तर थोडं सोडून दे, बिघडत नाही. आणि जमलं तर कुणाबरोबर तरी बघ. अशी कुणी नसेल तर ज्या मैत्रिणीच्या घरी तू न विचारता पाणी घेतेस, तिला आधी एखादा साधा भाग दाखव, कॅफेतल्या गप्पांचा, आणि ती काय बोलते ते ऐक. तुला सांगायचं असेल तर नंतर सांग, नाही सांगितलंस तरी चालेल.

फक्त तिसऱ्या सीझनचा दहावा भाग एकटीने बघू नकोस. तो लावायच्या रात्री मला इथेच निरोप टाक. काजूचा हंगाम असला की आम्ही दोघी उशिरापर्यंत गर निवडत बसतो, जाग्याच असतो.